मरीनात उभ्या मोटरबोटीची दुरुस्ती: आधी पाणी, मग वीज, मग इंजिन

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा मीटरची फायबरची मोटरबोट, बोटीच्या आत बसवलेलं (इनबोर्ड) एकच डिझेल इंजिन, प्रॉपेलर फिरवणारा सरळ शाफ्ट (दांडा), खाऱ्या पाण्याच्या मरीनात मुक्काम, माणसं बोटीवरच राहणारी आणि धक्क्यावरची वीज चोवीस तास जोडलेली. तक्रारी तीन. बिल्जमधला, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साठतं तिथला, पंप दिवसातून चार-पाच वेळा आपोआप सुरू होतो. जस्ताचे अ‍ॅनोड (बाकीचा धातू वाचावा म्हणून स्वतः झिजणारे तुकडे) चार महिन्यांत संपतात. आणि हळू चालवताना इंजिन ठीक असतं, वेग वाढवला की तापमान चढायला लागतं. यातलं किती काम बोट पाण्यात ठेवून होईल आणि कशासाठी ती वर काढावी लागेल?

बहुतेक काम पाण्यातच होईल, मात्र क्रम चुकवू नका. इंजिन तापतंय ही तक्रार सगळ्यात जास्त डोळ्यांत भरते, म्हणून लोक तिथूनच सुरुवात करतात. पण तापलेलं इंजिन बंद करता येतं. आत येणारं पाणी रात्री तुम्ही झोपल्यावरही येतच राहतं. म्हणून पाणी पहिलं, वीज दुसरी, इंजिन तिसरं. लाकडाला पॉलिश आणि गाद्यांची कव्हरं सगळ्यात शेवटी.

बिल्जमधलं पाणी

पंप बदलण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. पहिली परीक्षा चवीची: बिल्जच्या पाण्यात हाताचं बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावा. बिल्ज तेलकट असेल तर चव घेऊ नका, पाण्याच्या टाकीची पातळी रात्री आणि सकाळी मोजून पाहा. पाणी गोडं निघालं तर टाकीचा जोड, गरम पाण्याच्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, एसीचं ठिबकणारं पाणी किंवा डेकवरून झिरपणारा पाऊस यांपैकी काहीतरी आहे. खारं असेल तर बोटीच्या तळाला जिथे जिथे भोक आहे तिथे तिथे संशय घ्यायचा.

बिल्ज स्पंजने पूर्ण कोरडी करा. प्रत्येक सीकॉकखाली (तळातल्या भोकावरचा व्हॉल्व्ह), शाफ्टच्या ग्लँडखाली (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथला पाणी अडवणारा जोड) आणि रडरच्या (सुकाणूच्या) ग्लँडखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवा, दोन तासांनी पाहा. ओलावा बारीक असेल तर टाल्कम पावडर भुरभुरा. पाण्याचा ओघळ तिच्यावर स्पष्ट उमटतो. तुमच्या बोटीत गुन्हेगार बहुधा शाफ्टची ग्लँड असेल. जुन्या पद्धतीच्या पॅकिंग ग्लँडचा (आत दोरीसारखं पॅकिंग नटाने दाबून बसवलेलं असतं) नियम सोपा आहे: शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब, थांबलेला असताना जवळपास शून्य. उभ्या बोटीत दिवसाला चार-पाच वेळा पंप चालतोय म्हणजे पॅकिंग झिजलंय किंवा सैल झालंय.

घट्ट करायला दोन मोठे पाने लागतात. एकाने मुख्य नट धरायचा, दुसऱ्याने लॉकनट सैल करायचा. मग मुख्य नट एका वेळी षटकोनाच्या एका बाजूइतकाही नाही, त्याच्या निम्मा फिरवायचा. इंजिन गिअरमध्ये टाकून कमी वेगाने पाच-दहा मिनिटं चालवा, बंद करा, शाफ्ट थांबल्याची खात्री करून ग्लँडला हात लावा. कोमट चालेल; हात ठेववत नसेल तर जास्त आवळलंय. थेंब पूर्ण बंद करण्याच्या हट्टापायी शाफ्टवर खाच पडते आणि मग नवं पॅकिंगही टिकत नाही. पाणी पॅकिंगला थंड ठेवतं, म्हणून थोडी गळती हवीच.

नट फिरायला जागाच उरली नसेल तर पॅकिंग बदला. जाडी मोजायची रीत: ग्लँडच्या आतल्या व्यासातून शाफ्टचा व्यास वजा करा आणि निम्मे करा. ३० मिमी शाफ्ट आणि ४२ मिमी ग्लँड असेल तर ६ मिमी पॅकिंग. शाफ्टच्या व्यासाच्या नळीभोवती गुंडाळून कडी-कडी कापा, काप तिरका द्या, आणि तीन किंवा चार कड्या बसवताना सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका, साधारण १२० अंशांनी फिरवत जा. जुन्या कड्या काढायला बूच काढायच्या स्क्रूसारखं छोटं हत्यार मिळतं. सगळ्यात आतली कडी राहून जाणं ही इथली नेहमीची चूक. तीवरच नवं पॅकिंग बसतं आणि महिनाभरात पुन्हा ठिबक सुरू होते. अनुभवी माणूस हे काम पाण्यातही करतो, कारण शाफ्टभोवतीच्या फटीतून येणारं पाणी पंपाच्या आवाक्यातलं असतं. पहिल्यांदा करत असाल तर बोट वर काढेपर्यंत थांबा.

ग्लँड आणि स्टर्न ट्यूब (शाफ्ट ज्या नळीतून बाहेर जातो ती) जोडणारा रबरी होज त्याच वेळी तपासा. दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिप हव्यात. क्लिप वरून चकचकीत आणि खालच्या बाजूने गंजून कागदासारखी पातळ झालेली असते, म्हणून आरसा धरून पाहा. क्लिपच्या स्क्रूला चुंबक जोरात चिकटत असेल तर स्क्रू हलक्या प्रतीचा आहे, बदला. आणि एक बारकावा: होज ज्या नळीवर चढतो ती दोन क्लिपांइतकी लांब असेल तरच दोन लावा. दुसरी क्लिप नळीच्या टोकाबाहेर गेली तर होजच कापत राहते.

सीकॉक महिन्यातून एकदा पूर्ण बंद करून उघडायचे, नाहीतर हवे तेव्हा ते जागचे हलत नाहीत. अडकलेला सीकॉक पाण्यात असताना पाइप लावून जोराने फिरवू नका. मूठ तुटली तर नशीब, बुडखा तुटला तर बोट गेली. धातू नखाने किंवा चाकूने किंचित खरवडून पाहा. खाली पिवळा चमकदार निघाला तर ठीक. गुलाबी, भुरभुरीत निघाला तर पितळातलं जस्त निघून गेलंय आणि उरलंय ते तांब्याचं भुसकट. तो सीकॉक पुढच्या वेळी बोट वर निघेल तेव्हा बदलायचाच. तोपर्यंत त्याच्या शेजारी योग्य मापाचं लाकडी बूच सुतळीने बांधून ठेवा.

आता पंप. तो बोट वाचवत नाही, तुम्हाला वेळ देतो. पाण्याखाली ६० सेंमीवर ३८ मिमीचा होज निघाला तर मिनिटाला साधारण १४० लिटर पाणी आत येतं. डब्यावर मिनिटाला १२६ लिटर लिहिलेला पंप ते आकडे शून्य उंचीवर देतो. मीटरभर वर चढवून, वळणावळणाच्या होजमधून बाहेर टाकताना त्यात बरीच घट होते. म्हणून पंपाला मोजणी यंत्र किंवा निदान मोठा आवाज करणारा अलार्म जोडा. दिवसाला चार वेळा चालणारा पंप एक दिवस दहा वेळा चालला, तर ते त्याच दिवशी कळलं पाहिजे.

पंपाची वायर फ्यूजमधून थेट बॅटरीला हवी, मुख्य स्विचमधून नको. बोट सोडून जाताना तुम्ही मुख्य स्विच बंद करणारच. फ्यूज पंपाच्या लेबलवर लिहिलेल्याच अँपिअरचा. वायरचे जोड शक्य तितके वर, आतून गोंद असलेल्या हीट-श्रिंक नळीत. होजमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवू नका: कचरा अडकून तो बंद पडतो किंवा हवा कोंडून पंप रिकामा फिरतो. होज पाणरेषेच्या बराच वर वळसा घेऊन बाहेर जायला हवा. चाचणी घेताना फ्लोट (पाणी चढल्यावर पंप सुरू करणारा तरंगता स्विच) हाताच्या बोटाने उचलून समाधान मानू नका, बादलीभर पाणी खरोखर ओता. बिल्जमध्ये तेल शोषणारं पॅड ठेवलं असेल तर ते दोरीने बांधा. सुटं पॅड फ्लोटखाली जाऊन बसतं आणि पंप जळेपर्यंत चालत राहतो.

जस्त खाणारी वीज

चांगला अ‍ॅनोड साधारण वर्षभर चालावा आणि निम्मा झिजला की बदलावा. तुमचा चार महिन्यांत जातोय. कारण बहुधा तुमच्या बोटीत नाही, शेजारच्या बोटीत आहे. धक्क्यावरच्या केबलमध्ये अर्थिंगची तार असते. त्या तारेने तुमचा प्रॉपेलर, शेजाऱ्याचा प्रॉपेलर आणि कधीकधी धक्क्याचं लोखंडसुद्धा एकमेकांना जोडलं जातं. समुद्राचं पाणी मध्ये आहेच. झाली बॅटरी तयार. शेजाऱ्याचे अ‍ॅनोड संपलेले असतील तर तुमचे अ‍ॅनोड त्याच्या धातूचंही रक्षण करत बसतात.

हे नुसतं मानू नका, मोजा. सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स इलेक्ट्रोड आणि साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. इलेक्ट्रोड बोटीशेजारी पाण्यात सोडा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, दुसरी सुई शाफ्टला किंवा धातूच्या फिटिंगला टेकवा. नुसतं कांसं साधारण उणे ०.३ व्होल्ट दाखवतं, नुसतं जस्त उणे एक व्होल्टच्या आसपास. संरक्षित धातू त्याच्या मूळ आकड्यापेक्षा किमान ०.२ व्होल्टने अधिक उणे असायला हवा. आकडा लिहून घ्या, मग धक्क्याची केबल काढा आणि पुन्हा मोजा. केबल काढल्यावर आकडा बदलला तर प्रवाह अर्थिंगमधून येतोय. केबल काढूनही फरक पडला नाही, पण बोटीतलं एखादं डीसी सर्किट चालू-बंद केल्यावर आकडा उडी मारत असेल, तर गळती तुमच्याच वायरिंगमध्ये आहे, आणि ती जास्त गंभीर. बॅटरीचा भटका प्रवाह धातू महिन्यांत नाही, दिवसांत खातो. बिल्जच्या पाण्यात बुडालेला वायरचा जोड हे या गळतीचं आवडतं ठिकाण.

अर्थिंगमधून येणाऱ्या प्रवाहावर उपाय म्हणजे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. तो अर्थिंगच्या तारेत, धक्क्याची वीज बोटीत शिरते तिथे लगेच बसवायचा. साधारण १.२ व्होल्टपर्यंतचा दाब तो अडवतो. धातूंमधला फरक त्याच्या आत असतो, आणि खरा बिघाड झाला तर मोठा प्रवाह जाऊ देतो. त्याला वळसा घालणारा दुसरा मार्ग राहता कामा नये: दुसरी केबल किंवा टीव्हीच्या तारेचं जाळीदार कवचही पुरेसं होतं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर याहून चांगला, पण जड आणि महाग. अर्थिंगची तार कापून टाकणं हा उपाय कुणी सुचवला तर त्याला बोटीवर पाऊल ठेवू देऊ नका. अ‍ॅनोड वाचतील, माणूस वाचणार नाही.

अ‍ॅनोड अजिबात झिजत नसेल तरी खूश होऊ नका, त्याचा संपर्कच तुटलेला असतो. अ‍ॅनोड आणि शाफ्ट यांच्यातला रोध एक ओहमपेक्षा खूप कमी हवा. बसवण्याआधी शाफ्ट सँडपेपरने लखलखीत करा. अ‍ॅनोडला रंग कधीच लावू नका. खाऱ्या पाण्यात जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियम, खाडीच्या मचूळ पाण्यात अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम फक्त गोड्या पाण्यात. एकाच बोटीवर दोन धातूंचे अ‍ॅनोड मिसळू नका. बदलण्याचं काम पाणबुड्याकडून पाण्यातच होतं, पण तो उतरण्याआधी धक्क्याची वीज बंद, इंजिनची चावी तुमच्या खिशात.

याच ओघात: वीज जोडलेल्या मरीनात पोहायचं नाही, मुलांनी तर नाहीच. पाण्यात गळणारा एसी प्रवाह स्नायू आखडवतो आणि पोहणारा आवाज न करता बुडतो. गोड्या पाण्यात धोका अधिक. बोटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (प्रवाह गळताच वीज तोडणारा स्विच) हवा आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. केबल जोडताना धक्क्यावरचा ब्रेकर बंद, आधी बोटीकडचं टोक, मग धक्क्याकडचं, शेवटी ब्रेकर. काढताना उलट क्रम. तासभर हीटर किंवा एसी चालल्यावर प्लगला हात लावा. गरम लागला किंवा पिना तपकिरी झाल्या असतील तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदलला तर जुना नव्यालाही जाळतो.

वेग वाढवल्यावर तापणारं इंजिन

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: पूर्ण थ्रॉटलला इंजिन पुस्तकात दिलेले कमाल फेरे गाठतं का? गाठत नसेल आणि धूर काळा असेल, तर दोष कूलिंगचा नाही, ओझ्याचा आहे. उभ्या बोटीच्या प्रॉपेलरवर काही आठवड्यांत शिंपले चढतात. प्रॉपेलर आणि तळ साफ केला की तापमान आपोआप उतरतं, आणि लोकांनी तोवर अर्धं इंजिन उघडलेलं असतं. फेरे गाठूनही तापत असेल तर इंजिन थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याच्या मार्गाने पुढे चला, पाणी जसं जातं तसं.

सुरुवात आत येणाऱ्या भोकापासून. सीकॉक बंद करा, गाळणीकडे जाणारा होज काढा, बादली धरून सीकॉक क्षणभर उघडा. दणकून धार यायला हवी. बारीक आली तर बाहेरच्या जाळीत शिंपले किंवा प्लास्टिक आहे. मग गाळणी. तिच्या झाकणाचा ओ-रिंग कोरडा पडला की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो; हळू वेगात कळत नाही, वाढवल्यावर कळतं.

मग इम्पेलर, म्हणजे समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक. सीकॉक बंद करून इंजिनची चावी सीकॉकच्या मुठीलाच अडकवा, म्हणजे तो उघडल्याशिवाय इंजिन सुरू करण्याची चूक होणार नाही. पंपाखाली फडकं पसरा, कव्हरचा सगळ्यात खालचा स्क्रू हमखास बिल्जमध्ये जातो. इम्पेलर बाहेर आला की एकेक पातं मागे वाकवून मुळाशी तडा आहे का पाहा. पात्याचा तुकडा गायब असेल तर तो शोधल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. तो पाण्याबरोबर पुढे गेलेला असतो आणि हीट एक्सचेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनचं कूलंट थंड करणारा भाग) तोंडाशी बसलेला सापडतो. सगळी पाती शाबूत दिसली तरी मधली धातूची बुशी एका हाताने आणि रबर दुसऱ्या हाताने धरून पिळा. रबर बुशीवरून निसटून फिरत असेल तर पंप हळू वेगात पाणी देतो आणि ताण आला की घसरतो. तुमच्या लक्षणाशी हे अगदी जुळतं.

कव्हरच्या आतल्या बाजूला नखाला जाणवतील अशा गोल खाचा असतील तर, दुसरी बाजू गुळगुळीत असल्यास, उलटं करून लावा. नव्या इम्पेलरला ग्लिसरीन किंवा भांडी घासायचा द्रव साबण लावा. पेट्रोलियम ग्रीस नको, रबर फुगतं. गॅस्केट मूळ जाडीचाच. जाड कागद घातला तर कव्हर आणि पात्यांमध्ये फट राहून पंपाची ओढ जाते. पंपाच्या मानेखाली एक बारीक भोक असतं. तिथून ठिबकत असेल तर आतला सील गेलाय. ते भोक बुजवू नका, नाहीतर खारं पाणी ऑइलमध्ये शिरतं. ऑइल दुधाळ दिसलं की तसंच काहीतरी घडलेलं असतं. सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात एक्झॉस्टमधून पाणी आलं नाही तर बंद करा.

इम्पेलर वर्षाला एकदा बदला, बोट चालली असो वा नसो. महिनोन्‌महिने उभ्या बोटीत पाती एकाच जागी वाकलेली राहून तशीच कायमची घट्ट होतात.

इथवर सगळं ठीक निघालं तर हीट एक्सचेंजर आणि एक्झॉस्ट एल्बो (धुरात समुद्राचं पाणी मिसळतं तो वाकडा पाइप). एक्सचेंजरच्या नळ्या मऊ असतात; तारेचा ब्रश नको, नळीपेक्षा किंचित बारीक लाकडी काठीने ढकला. चुनखडीसारखा थर असेल तर त्या धातूला चालणारं आम्ल वापरा आणि भरपूर पाण्याने धुवा. आतला पेन्सिलच्या आकाराचा अ‍ॅनोड काढा. त्याचे तुटलेले तुकडे तळाशी साठून नळ्या अडवतात. एल्बोमध्ये काजळी आणि मीठ मिळून दगड बनतो. दर दोन-तीन वर्षांनी तो काढून आतून पाहा, छिद्र निम्मं उरलेलं असेल तर नवा घ्या. गोड्या पाण्याच्या (कूलंटच्या) बाजूचं काम थोडक्यात: इंजिन थंड असतानाच झाकण उघडा, कूलंटची पातळी आणि बेल्ट पाहा, थर्मोस्टॅट पातेल्यात थर्मामीटरसोबत तापवून त्यावर कोरलेल्या अंशाला उघडतो का ते तपासा.

एक धोका अनेकांना ठाऊक नसतो. इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर पुन्हा पुन्हा मारत राहिलात तर पंप प्रत्येक वेळी समुद्राचं पाणी मफलरमध्ये भरतो आणि ते बाहेर ढकलायला धूर नसतो. मफलर भरला की पाणी मागे सिलिंडरमध्ये. दोन-तीन प्रयत्नांत सुरू झालं नाही तर सीकॉक बंद करून पुढचे प्रयत्न करा आणि इंजिन पेटताक्षणी उघडा.

धक्क्याला बांधून गिअरमध्ये चाचणी घ्यायची तर दोऱ्या दुहेरी करा आणि वेग कमीच ठेवा. त्यात तुमचं खरं दुखणं दिसणार नाही, ते भर वेगातच दिसतं, म्हणून समुद्रात फेरी मारावीच लागेल. निव्वळ बॅटरी चार्ज करायला डिझेल रिकामं तासन्‌तास चालवू नका. सिलिंडरच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि इंजिन ऑइल प्यायला लागतं. धक्क्याची वीज आणि तीन टप्प्यांचा चार्जर आहे, तो वापरा.

डिझेल आणि मरीनाचे नियम

उभ्या बोटीची टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत दव धरतं. फिल्टरच्या काचेच्या वाटीतलं पाणी आठवड्याला एकदा काढा. तळाशी काळा चिकट गाळ आला तर तो डिझेलमधल्या जंतूंचा आहे. नुसतं औषध ओतून भागत नाही, टाकी उपसून धुवावी लागते.

पाण्यात बोट घासून तळाचा तांबं असलेला रंग उडवणं, उघड्यावर सँडिंग आणि वेल्डिंग यांना बहुतेक मरीनांत बंदी असते किंवा परवानगी लागते. आधी विचारा. बिल्जमधल्या तेलावर साबण ओतून पंप करणं सर्वात वाईट: तेल दिसेनासं होतं, जात नाही.

बोट वर काढायची ती यासाठी

सीकॉक बदलणं, प्रॉपेलर काढणं, शाफ्टचं रबरी बेअरिंग (शाफ्ट हाताने हलवून टकटक जाणवत असेल तर) आणि तळाचा अँटिफाउलिंग रंग (शिंपले-शेवाळ चढू न देणारा). ही सगळी कामं एका फेरीत बसवा, क्रेन दोनदा बोलावू नका. शाफ्टची रेषा मात्र बोट वर असताना जुळवू नका. पाण्यात उतरल्यावर हुलचा आकार किंचित बदलतो, म्हणून एक-दोन दिवस थांबून इंजिनची बाजू आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सोडा आणि त्याच्या दोन चकत्यांमधली फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांचं मापक) चार बाजूंनी मोजा. १०० मिमी व्यासाच्या कपलिंगला चारही बाजूंतला फरक ०.१ मिमीच्या आत हवा.

बोट पाण्यात उतरवताना क्रेनचे पट्टे सोडू देण्याआधी एकाने आत जावं आणि टॉर्च घेऊन प्रत्येक नवा सीकॉक आणि ग्लँड पाहावी. ठिबक दिसलीच तर बोट अजून पट्ट्यांतच आहे, लगेच वर उचलता येते.